हप्त्यातले किती रुपये घराचे, किती व्याजाचे?

२०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर चार वेळा उतरवला. फेब्रुवारीत ६.५० वरून ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये एकदम साडेपाच आणि डिसेंबरमध्ये सव्वापाच टक्के. दर वेळी टीव्हीवर पट्टी फिरली: ‘गृहकर्ज स्वस्त होणार’. आणि दर वेळी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरपासून धुळ्याच्या देवपुरापर्यंत लोकांनी मोबाइलवर बँकेचा मेसेज उघडून पाहिला, तर हप्ता होता तेवढाच कापलेला.

अमळनेर-पारोळ्याकडे याच्या जोडीनं आणखी एक तक्रार ऐकू येते: “हप्ता तं बरोब्बर भरी राह्यनू भाऊ, मंग बाकी काबरं कमी व्हत नही?”

दोन्ही प्रश्नांचं उत्तर हप्त्याच्या पोटात आहे. आपण हप्त्याकडे एकच रक्कम म्हणून बघतो, कारण खात्यातून ती एकच कापली जाते. बँकेच्या वहीत मात्र तिचे दर महिन्याला दोन तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांचं माप दर महिन्याला बदलतं.

शेकड्याच्या भाषेत गृहकर्ज

आपल्याकडे व्याज अजून शेकड्यात बोलतात. ‘दोन रुपये शेकडा’ म्हणजे शंभरावर महिन्याला दोन रुपये, वर्षाचे चोवीस टक्के. बँक बोलते वर्षाच्या दरात. म्हणून बँकेचा दर आपल्या भाषेत आणायचा तर त्याला बारानं भागायचं. साडेआठ टक्के म्हणजे शेकडा साधारण ७१ पैसे.

पूर्ण लेखासाठी एकच उदाहरण धरू. जळगावात घर घ्यायला २५ लाखांचं कर्ज काढलं, दर साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं. महिन्याचा हप्ता येतो २१,६९६ रुपये. यालाच ईएमआय म्हणतात: मुदत संपेपर्यंत दर महिन्याला भरायची समान रक्कम.

पहिल्या महिन्यात तुमच्याकडे बँकेचे पूर्ण २५ लाख आहेत. त्यांचं एका महिन्याचं व्याज १७,७०८ रुपये. हप्त्यातून आधी ते वजा होतं. उरले ३,९८८. एवढ्यानंच मूळ कर्ज, म्हणजे मुद्दल, कमी होतं. जवळपास बावीस हजार भरले आणि कर्ज उतरलं चार हजारांनी.

पुढच्या महिन्यात व्याज २५ लाखांवर लागत नाही, २४,९६,०१२ वर लागतं. ते आधीपेक्षा २८ रुपयांनी कमी भरतं, म्हणून मुद्दलाकडे २८ रुपये जास्त जातात. असं दर महिन्याला थोडं थोडं सरकत राहतं.

ज्यानं घर बांधलंय त्याला सेंटरिंगच्या प्लेटांवरून, म्हणजे स्लॅब टाकताना खाली लावायला भाड्यानं आणतात त्या पत्र्यांवरून, हे चटकन कळेल. भाडं लागतं ते साइटवर पडलेल्या प्लेटांचं. परत पाठवलेल्या प्लेटांचं लागत नाही. सुरुवातीला सगळ्या प्लेटा तुमच्याकडे असतात, म्हणून भाड्याचा आकडा मोठा. व्याज हे असंच पैशाचं भाडं आहे, आणि सुरुवातीला बँकेचा जवळजवळ सगळा पैसा तुमच्याकडेच असतो.

“पाच वर्षं भरतोय, बाकी मात्र बावीस लाख!”

होय, आणि हिशोब बरोबर आहे. या कर्जात पाच वर्षांत तुम्ही एकूण १३ लाख रुपये भरता. त्यातले १० लाखांहून थोडे जास्त व्याजात जातात आणि मुद्दल उतरतं तीन लाखांपेक्षा जरा कमी. म्हणजे बाकी २२ लाख ३ हजार. दहा वर्षांनी, निम्मी मुदत संपल्यावरही साडेसतरा लाख बाकी असतात. हप्त्यात मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा व्हायला बारावं वर्ष संपत यावं लागतं. त्यानंतर मात्र उतार वेगानं लागतो आणि शेवटच्या वर्षी व्याज नावापुरतं उरतं.

यावर हमखास म्हटलं जातं, की बँक आधी स्वतःचं व्याज काढून घेते, ही लबाडी आहे. मला तसं वाटत नाही. बँक पहिल्या महिन्यात लावते तोच दर पंधराव्या वर्षीही लावते आणि दोन्ही वेळा फक्त शिल्लक मुद्दलावर लावते. पाचव्या वर्षी कर्ज फेडून टाकलंत तर पुढच्या पंधरा वर्षांचं व्याज कुणी मागत नाही. लबाडी नसली तरी एक आंधळेपणा इथे आहे. कर्ज देताना समोर फक्त हप्त्याचा आकडा ठेवला जातो, ‘पगारातून जमेल ना?’ एवढंच विचारलं जातं, आणि वीस वर्षांत २५ लाखांचे ५२ लाख होतात हे बोलण्यात येत नाही. या ५२ लाखांतलं २७ लाख व्याज आहे.

खरी लबाडी होऊ शकते ती ‘फ्लॅट’ दरात. फ्लॅट म्हणजे बाकी कितीही उतरो, व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. कुणी म्हणालं, “बँक साडेआठ घेते, आम्ही सव्वासातच्या आत, शेकडा फक्त ६० पैसे”, तर तो दर फ्लॅट आहे का हे आधी विचारा. ६० पैसे फ्लॅटनं २५ लाखांवर वीस वर्षांचं व्याज ३६ लाख होतं आणि हप्ता २५,४१७ वर जातो. बँकेच्या पद्धतीनं, म्हणजे उतरत्या बाकीवर मोजला तर हा दर पावणेअकरा टक्क्यांच्या वर निघतो. गृहकर्जात असं क्वचितच दिसतं. गाडी आणि घरगुती वस्तूंच्या कर्जात सर्रास दिसतं, आणि तिथली सवय घेऊन माणूस घराच्या कर्जाकडे येतो.

मुदत वाढवून हप्ता हलका होतो, पण किती?

हप्ता तीन गोष्टींवर ठरतो: मुद्दल, दर आणि मुदत. पहिल्या दोन गोष्टींसाठी आपण घासाघीस करतो, तिसरी मात्र “करा जास्तीत जास्त” म्हणून सोडून देतो. माझ्या मते घराचं कर्ज सगळ्यात जास्त इथेच महाग पडतं.

तेच २५ लाख, तोच साडेआठ टक्के दर. मुदत वीसऐवजी तीस वर्षं केली तर हप्ता २१,६९६ वरून १९,२२३ वर येतो. महिन्याला सुटले अडीच हजारांच्या आत, आणि एकूण व्याज २७ लाखांवरून ४४ लाखांवर गेलं. उलट मुदत पंधरा वर्षं केली तर हप्ता २४,६१९ होतो. महिन्याला २,९२३ रुपये जास्त, पण व्याज १९ लाख ३१ हजारांवर थांबतं. पावणेआठ लाख वाचतात.

ज्याचा पगारच बेताचा आहे त्यानं वीस वर्षं घ्यावीत, त्यात गैर काही नाही. पण तीस वर्षं घेताना कशासाठी काय देतोय हे कागदावर मांडून पाहावं.

रेपो उतरला, हप्ता का उतरला नाही?

रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो दर. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या मापदंडाला जोडणं बंधनकारक आहे, आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपोच निवडला. तुमचा दर म्हणजे रेपो अधिक बँकेची वरची भर. रेपो हलला की तीन महिन्यांच्या आत तुमचा दरही हलायला हवा.

मग हप्ता तेवढाच का? पहिलं कारण बऱ्याचदा चांगलं असतं. दर बदलला की बँका सहसा हप्त्याला हात लावत नाहीत, मुदत बदलतात. समजा कर्ज नुकतंच सुरू झालं आणि दर साडेआठवरून सव्वासातवर आला. हप्ता २१,६९६ च ठेवला तर २४० हप्त्यांऐवजी १९८ मध्ये कर्ज संपतं. तुमच्या नकळत ४२ हप्ते गळाले! बँकेत जाऊन “हप्ता कमी करा” म्हणालात तर तो १९,७५९ होईल, महिन्याला १,९३७ रुपये हातात राहतील, पण हप्ते पुन्हा २४० होतील आणि एकूण साडेचार लाख रुपये जास्त जातील. म्हणून दर उतरल्यावर हप्ता तसाच दिसला तर भांडायला जाण्याआधी उरलेल्या हप्त्यांची संख्या विचारा.

दुसरं कारण इतकं गोड नाही. तुमचं कर्ज २०१९ च्या आधीचं असेल तर ते बँकेच्या स्वतःच्या जुन्या मापदंडावर, म्हणजे बेस रेट किंवा एमसीएलआरवर अडकलेलं असू शकतं. ते दर रेपोमागे रडतखडत येतात. कर्ज गृहवित्त कंपनीचं, सहकारी बँकेचं किंवा पतसंस्थेचं असेल तर त्यांना रेपोशी जोडण्याची सक्तीच नाही. दर त्यांच्या संचालकांच्या हातात. जुनं कर्ज बँकेतच नव्या पद्धतीत बदलून मिळतं, त्याला थोडं शुल्क पडतं. दुसऱ्या बँकेत हलवायचं तर प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, घराचं मूल्यांकन आणि नव्या गहाणाचं मुद्रांक शुल्क धरून हिशोब करा. दरात अर्ध्या टक्क्याचा फरक असेल आणि मुदत बरीच उरली असेल तर हा खटाटोप परवडतो. शेवटच्या चार-पाच वर्षांत तो करू नये, कारण तोवर व्याज बहुतेक भरून झालेलं असतं.

आणि दर चढला की?

हीच मुदतीची सोय उलटी फिरली की अंगावर येते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो ४ वरून साडेसहावर गेला. त्याच्या आधी कुणी ७ टक्क्यांनी २५ लाख घेतले असतील तर त्याचा हप्ता होता १९,३८२. दर साडेनऊ झाला, तेव्हा साडेचोवीस लाख बाकी धरली तरी महिन्याचं व्याजच १९,३९६ होतं. म्हणजे हप्ता व्याजालासुद्धा पुरेना. असं झालं की न भरलेलं व्याज मुद्दलात चढतं आणि माणूस हप्ता भरत राहतो, कर्ज वाढत राहतं. अनेकांच्या कर्जाची मुदत त्या काळात निवृत्तीच्या पलीकडे गेली, आणि बऱ्याच जणांना ते फार उशिरा कळलं.

याच गोंधळानंतर १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेनं नियम काढला. दर बदलताना बँकेनं कर्जदाराला विचारायचं: हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडं थोडं? स्थिर दरावर जाण्याचा पर्यायही तेव्हा द्यावाच लागे; ऑक्टोबर २०२५ पासून तो द्यायचा की नाही, हे बँकेच्या मर्जीवर आहे. हप्ता व्याजापेक्षा कमी पडेल इतकी मुदत ताणायची नाही. आणि दर तीन महिन्यांनी साध्या भाषेत पत्रक द्यायचं: आजवर किती मुद्दल आणि किती व्याज वसूल झालं, हप्ता किती, हप्ते किती उरले, दर किती. हे पत्रक बहुधा बँकेच्या ॲपमध्ये येऊन पडलेलं असतं आणि कुणी उघडत नाही.

“आमचं उत्पन्न महिन्याचं नाही, हंगामाचं आहे”

रावेर-यावलच्या केळी बागायतदाराला किंवा चोपड्याच्या कापूसवाल्याला हप्त्याचं गणित कळूनही पेच राहतोच. पैसा घड कटल्यावर किंवा कापूस विकल्यावर एकदम येतो, हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. खात्यात शिल्लक नसली की हप्ता परत जातो, दंड लागतो आणि सिबिलवर डाग पडतो. म्हणून हंगामाच्या पैशातून सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात काढून ठेवणं ही पहिली गोष्ट. काही बँका ओव्हरड्राफ्ट धर्तीचं गृहकर्जही देतात: मोकळा पैसा कर्ज खात्यातच ठेवायचा, तेवढ्यावर व्याज लागत नाही, खत-मजुरीला लागला की काढून घ्यायचा. दर थोडा जास्त असतो, पण ज्याच्याकडे वर्षातले काही महिने मोठी रक्कम पडून असते त्याला हा प्रकार मानवतो.

वर काही उरलं तर ते मुद्दलात टाका. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या दराचं असेल आणि धंद्यासाठी नसेल, तर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँक किंवा गृहवित्त कंपनी दंड घेऊ शकत नाही. आपल्या उदाहरणात पहिलं वर्ष संपताना एक लाख रुपये जादा भरले तर शेवटचे २१ हप्ते वाचतात, म्हणजे एक लाखाच्या बदल्यात साडेचार लाखांहून जास्त देणं टळतं. तोच एक लाख दहा वर्षांनी भरला तर दहाच हप्ते वाचतात. म्हणजे जादा पैसा जितका लवकर पडेल तितका जड. भरताना लेखी सांगा: “हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा.” न सांगितल्यास काही ठिकाणी हप्ता कमी केला जातो आणि फायद्याचा मोठा भाग निसटतो.

पोराच्या शिक्षणाचा किंवा दवाखान्याचा पैसा मात्र कर्जात ओतू नये. साध्या गृहकर्जात भरलेला पैसा परत काढता येत नाही.

करसवलतीसाठी कर्ज ठेवावं का, हेही विचारलं जातं. राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंतची वजावट आणि मुद्दलावरची सवलत जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत राहत्या घराला ती नाही. नवी प्रणाली घेतलेल्या नोकरदारासाठी तो मुद्दाच निकालात निघाला.

हप्त्यात न दिसणारा खर्च

अमेरिकेत गेलेल्या भाच्याचा हप्ता ऐकून इथे कुणी हबकतं, तेव्हा एक फरक लक्षात घ्यावा. तिकडे बहुतेकांच्या हप्त्यात मुद्दल आणि व्याजाबरोबर घरपट्टी आणि घराचा विमाही असतो. कर्ज देणारी संस्था ते पैसे वेगळ्या खात्यात साठवते आणि परस्पर भरते. आपल्याकडे हप्ता म्हणजे फक्त मुद्दल आणि व्याज. घरपट्टी, पाणीपट्टी महापालिकेला किंवा नगरपालिकेला वेगळी, सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा. पगाराचं गणित मांडताना हे धरलं जात नाही आणि मार्च महिन्यात घरपट्टीची नोटीस आली की ओढाताण होते.

एक खर्च मात्र हप्त्यात गुपचूप शिरतो: कर्जाला जोडलेला जीवन विमा. कर्जदार गेला तर बाकी विमा कंपनीनं फेडावी, ही कल्पना चांगलीच आहे. पण त्याचा एकरकमी प्रीमियम अनेकदा कर्जातच मिळवला जातो. ७५,००० रुपये प्रीमियम कर्जात टाकला तर हप्ता ६५१ रुपयांनी वाढतो; कुणाच्या डोळ्यांत येत नाही. वीस वर्षांत त्याचे १ लाख ५६ हजार होतात. साधा टर्म विमा स्वतः वेगळा घेऊन त्याच्याशी तुलना करा, आणि अमुकच कंपनीचा विमा घ्यावा लागेल असं कुणी म्हटलं तर ते लेखी मागा. लेखी देताना सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

बांधकाम चालू असलेल्या घरात आणखी एक भानगड. बँक स्लॅब पडेल तसे पैसे सोडते आणि तोवर फक्त सोडलेल्या रकमेचं व्याज घेते; याला प्री-ईएमआय म्हणतात. दहा लाख सोडले असतील तर महिन्याला ७,०८३ रुपये. यात मुद्दलाचा एक रुपयाही फिटत नाही. बिल्डर दीड वर्ष रेंगाळला तर दीड वर्ष नुसतं भाडं भरल्यासारखं. ऐपत असेल तर पहिल्यापासून पूर्ण हप्ता सुरू करायला सांगता येतं.

हे सगळं एका कागदावर मिळावं म्हणून १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचं पत्रक देणं सक्तीचं झालं आहे. त्यात व्याजाशिवाय प्रोसेसिंग फी, विमा, कायदेशीर तपासणीचा खर्च असं सगळं धरून वर्षाचा खरा दर दिलेला असतो. दोन बँकांची तुलना करायची तर जाहिरातीतला दर बाजूला ठेवून हा दर समोरासमोर ठेवा. या पत्रकात ज्याचं नाव नाही असं शुल्क नंतर तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही.

शेवटचा हप्ता गेल्यावर

घराचे मूळ कागद बँकेकडे गहाण असतात. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत ते परत देणं बँकेला बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, उशीर बँकेच्या बाजूनं झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. कागदांबरोबर ‘नो ड्यूज’ दाखला घ्या आणि यादीप्रमाणे एकेक कागद मोजून घ्या. सातबाऱ्यावर किंवा सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर बँकेचा बोजा चढवलेला असेल, तर तो दाखला तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात देऊन बोजा उतरवण्याचा अर्ज तुम्हालाच करावा लागतो. पुष्कळ जण हे विसरतात, आणि दहा वर्षांनी घर विकायला किंवा मुलांच्या नावावर करायला काढलं की उताऱ्यावर फिटलेल्या कर्जाची नोंद तशीच सापडते.